बर्मा टीक, बेल्जियम काच आणि मिठाची बरणी

जुनं फर्निचर विकणाऱ्याला दोन शब्द पुरतात. लाकूड कुठलंही असो, ते बर्मा टीक. काच कुठलीही असो, ती बेल्जियमची.

गेल्या मार्चमध्ये लोणावळ्याच्या एका गोडाऊनमध्ये मी अशाच एका 'बर्मा-बेल्जियम' कपाटासमोर उभा होतो. साडेपाच फूट उंच, दोन काचेची दारं, पितळी कुलूप. काका म्हणाले, "पारशी बंगल्यातलं आहे, साहेब. ही काच बघा, खालून जाड झालीये. म्हातारी काच ओघळते."

ते मात्र खरं नाही. घरातल्या तापमानाला काच ओघळत नाही. ती बनतानाच कमी-जास्त जाडीची झालेली असते. पूर्वी काचेचा लांब नळा फुंकायचे, तो उभा चिरायचे आणि तापवून सपाट करायचे. नंतर यंत्रं भट्टीतून काचेचा पत्रा सरळ वर ओढू लागली. १९५९मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवायची पद्धत जाहीर केली, आणि तेव्हापासून काच हळूहळू जगभर आरशासारखी सपाट होत गेली.

मी मोबाईलचा टॉर्च बंद केला आणि वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारात बघितलं. सरळ रेघ मध्येच साप चालल्यासारखी वळली. म्हणजे काच जुन्या पद्धतीची होती. ती बेल्जियमची आहे की भिवंडीची, हे त्या वळणावरून कळत नाही. पण मला ते वळण आवडलं. घासाघीस करून अठ्ठावीस हजाराला कपाट घेतलं आणि टेम्पोत घालून तळेगावला आणलं.

आईने दारातच विचारलं, "शोकेस आणलीस?"

तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. तिच्या पिढीने शोकेस पुरेपूर भोगलीये. टीव्हीच्या वरचा तो काचेचा कप्पा, त्यात प्लॅस्टिकचा ताजमहाल, बाहुली, माझी वक्तृत्व स्पर्धेची ट्रॉफी आणि लग्नात आलेला टी-सेट. त्या टी-सेटमधून आमच्याकडे कुणीही कधीच चहा प्यायलेलं नाही. दर दिवाळीला तो पुसून परत ठेवायचं काम मात्र आईचं.

मी म्हटलं, ही शोकेस नाही, व्हिंटेज कॅबिनेट आहे. वरच्या दोन फळ्यांवर माझ्या हॉट व्हील्स राहतील. मधली फळी मी एकाच वस्तूसाठी ठेवलीये.

"कुठली?"

"मिठाची बरणी."

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, गॅसच्या उजव्या हाताला, हिरवट काचेची एक बरणी आहे. आजी सांगायची, ती तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, काच कारखान्यातून आणलेली. ते तिथे भट्टीवर होते. बरणीच्या बुडाला नाव नाही, शिक्का नाही. काचेत मोहरीएवढे बुडबुडे आहेत. रस वितळताना त्यातला वायू पूर्ण बाहेर पडला नाही की असे बुडबुडे राहतात. पुरावा काय तो आजीच्या एका वाक्याचा.

काच कारखाना म्हणजे पैसा फंडाचा. तळेगावात वाढलो तरी मला त्याबद्दल एवढंच माहीत होतं की ते एक जुनं नाव आहे. नंतर वाचलं. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने अशी कल्पना काढली की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. टिळकांनी ती उचलून धरली. १९०८मध्ये तळेगाव दाभाड्यात कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो बघायला आले. माल काढण्याइतकंच पोरांना काचकाम शिकवणं हाही तिथला हेतू होता.

तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा. सवयीने मी गणित केलं: माझ्या कपाटाची किंमत झाली सतरा लाख ब्याण्णव हजार लोकांचा पैसा. महागाई वगैरे धरली नाही, तरी आकडा बघून थोडं ओशाळल्यासारखं झालं.

त्या कारखान्यातली, निदान आजीच्या शब्दाने तिथली, एक वस्तू आमच्या घरात आहे आणि तिच्यात रोज ओले हात जातात. माझ्या डोळ्यांसमोर ती दर आठवड्याला एकदा तरी फुटायची.

आई म्हणाली, "आणि मीठ कशात ठेवू?"

"नवीन बरणी आणतो."

"मग नवीनच ठेव की तुझ्या कपाटात."

मी तिला केळकर संग्रहालयाचं उदाहरण दिलं. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरोघरचे अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी गोळा केली, गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. लोकांनी ज्या वस्तू मोडीत घातल्या असत्या, त्या केवळ काचेमागे गेल्या म्हणून आज दिसतात. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी लोकांनी वापरणं सोडलेल्या वस्तू नेल्या असतील. मी अजून वापरतेय."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. ती फुटली तर? हा माझा प्रश्न खोटा नाही. पण पणजोबांनी ती घरी आणली तेव्हा मांडून ठेवायला आणली नसणार.

मधली फळी रिकामी राहिली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. मावळातला पाऊस लाकडाला सोडत नाही. जुलैपर्यंत कपाटाची दारं फुगून घट्ट बसली. गाड्यांना हात लावायचंही कारण नव्हतं, म्हणून मी ती तीन आठवडे उघडलीच नाहीत. उघडली तेव्हा आतून कुबट वास आला आणि मागच्या फळीवर पांढरी बुरशी होती. काही गाड्यांच्या पुठ्ठ्यांना पोपडे आले होते. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या, पण त्या केव्हाच ओल्या होऊन बसल्या होत्या.

सुताराला बोलावलं. म्हटलं, दारं तासून द्या. त्याने नाही म्हटलं. "आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल, दादा. काही करू नका. रोज उघडझाप ठेवा. बंद कपाट कुजतं."

रोज उघडायचं तर उघडायला कारण हवं. ते आईने काढलं. एका संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर मधल्या फळीवर कैरीचं लोणचं, कुरडयांचा डबा, गूळ आणि साखर. कपाट स्वयंपाकघराच्या दाराशेजारीच आहे. "काचेतून दिसतं, किती उरलंय ते," ती म्हणाली. दोन दिवसांनी मिठाची बरणीही तिथे आली, पण कडेला, हाताशी. दिवसातून दहा वेळा दार उघडतं. बुरशी परत आली नाही.

मित्र आले की आधी गाड्या बघतात, मग लोणचं बघून हसतात. बरणीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मीही मुद्दाम दाखवत नाही. रात्री जेवताना आई म्हणते, "मीठ दे रे." मी उठतो, दार ओढतो, आणि बरणी दोन्ही हातांनी उचलतो.