अण्णांचं देणं

पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे मालकाच्या लेखी परवानगीने त्याच्याच यंत्रणेत घुसून दाखवायचं. या धंद्यात कशी आलीस, असं विचारणाऱ्याला एखाद्या कोर्सचं नाव हवं असतं. मी अण्णांचं सांगते.

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या नेटवर्क कंट्रोल रूममध्ये ते आमचे शिफ्टचे सीनियर. लिंक पडली की टिकट उघडायचं, राउटर बघायचा, टेलिकॉमवाल्यांच्या मागे लागायचं, एवढंच आमचं काम. केबलवाल्यांनी सिक्युरिटीची स्वप्नं बघू नयेत, असं वरचे एक साहेब म्हणायचे. त्यावर अण्णा मला म्हणाले, "अगं, चोर यायचा तो तुझ्याच केबलमधून ना?"

रात्री दोननंतर टिकटं थंडावली की शिकवणी सुरू. एनमॅप हे पोर्ट तपासायचं टूल 1997 पासून फुकट मिळतं. चालवायला अक्कल लागत नाही. अण्णांनी माझ्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन उभी करायला लावली, शेजारी येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारं वायरशार्क उघडायला लावलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "काय गेलं, काय आलं, काढ." सिन गेलं आणि सिन-ॲक आलं, तर पोर्ट उघडं. आरएसटी आलं, तर बंद. काहीच आलं नाही, तर बहुधा मध्ये फायरवॉल बसलीय आणि पॅकेट गिळतेय. ऑफिसच्या नेटवर्कला मात्र बोटही लावू दिलं नाही. 2000 सालच्या आयटी कायद्याची 43 आणि 66 ही कलमं त्यांना आरतीसारखी पाठ होती.

पुढे पेनिट्रेशन टेस्टिंगच्या नोकरीच्या मुलाखतीत विचारलं ते नेमकं माझ्या अंगणातलं: एका व्हीलॅनमधून, म्हणजे नेटवर्कच्या एका कप्प्यातून, दुसऱ्यात कशी जाशील? सिस्को स्विचचं पोर्ट डायनॅमिकवर सोडलेलं असलं, तर लॅपटॉपने डीटीपी या प्रोटोकॉलवर 'मीही स्विचच' अशी बतावणी करायची; सगळे व्हीलॅन वाहून नेणारी ट्रंक जुळते आणि बाकीचे व्हीलॅन दिसायला लागतात. अशी पोर्टं ॲक्सेस मोडला टाकण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या होत्या. टूलची नावं पोपटासारखी सांगणारे बाहेर पुष्कळ बसले होते.

वेबचं अंग कच्चं होतं, ते नव्या नोकरीत माझ्याहून लहान सहकाऱ्याने घटवून घेतलं. आणि पेनिट्रेशन टेस्टिंगच्या ओएससीपी प्रमाणपत्राच्या वेळी मदतीला सासूबाई. पावणेचोवीस तासांची परीक्षा, वेबकॅमवरून पहारा. त्यांनी बेलची वायरच काढून ठेवली आणि दारातून जेवणाचं ताट दाखवत विचारलं, "तो बघणारा जेवला का गं?"

अण्णांचं मोठं देणं मात्र रिपोर्टमधलं आहे. "वाचणारा तुझ्यासारखाच नाईट शिफ्टचा पोरगा असणार. नुसतं 'धोकादायक' लिहून त्याने काय करायचं? कमांड लिही. ती टाकल्यावर काय बंद पडेल तेही लिही." म्हणून राउटर-स्विचवर नजर ठेवणाऱ्या एसएनएमपीची स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्डच म्हणा, अजून 'पब्लिक'च सापडली, की मी खाली लिहिते: मॉनिटरिंग सर्व्हरवरही त्याच वेळी बदला, नाहीतर सगळे अलार्म एकदम वाजतील. टीममधल्या काहींच्या मते हे आपलं काम नव्हे, रिपोर्ट उगाच लांबतो. लांबू दे.