तीन मुठींचा गडी

उंची हातभर, अंग पोलादी, रंग बहुधा शेवाळी हिरवा. खांदे जरा उतरते. माथ्यावर शेजारीशेजारी तीन मुठी, एका कोपऱ्याला आखूड तोंड आणि त्यावर तरफेनं आवळणारं झाकण. दोन्ही रुंद कुशींवर दाबून उठवलेली मोठी फुली. लष्करी ट्रकला अडकवलेला, जीपच्या पाठीवर बसवलेला, लडाखच्या वाटेवर मोटरसायकलच्या कॅरिअरला बांधलेला असा त्याला आपण पाहिलेला असतो. हा जेरीकॅन. पोटात वीस लिटर इंधन घेऊन कुठेही जाणारा हा गडी माणसानं बनवलेल्या अत्यंत शहाण्या वस्तूंपैकी एक आहे, असं मी मानतो.

त्याचं शहाणपण कळायला आधी पेट्रोलचा स्वभाव कळायला हवा. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते सतत वाफ सोडतच असतं, आणि भडका उडतो तो या वाफेचा. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला पेटलेल्या शेगडीपर्यंत पोचू शकते. शिवाय पेट्रोल उष्णतेनं फुगतं. सकाळी २० अंशांना भरलेलं २० लिटर पेट्रोल दुपारी ४५ अंशांना जवळजवळ अर्धा लिटर वाढतं. अशा चंचल पाहुण्याला सांभाळायचं तर यजमान तितकाच धीराचा हवा.

आता त्याच्याकडे जवळून पाहा. त्याचं अंग पोलादी पत्र्याच्या दोन दाबून घडवलेल्या अर्ध्या भागांचं. ते समोरासमोर आणून कडेनं सलग एकच वेल्डिंग फिरवलेलं असतं, आणि ते वेल्डिंगही आत दबलेलं, म्हणजे कॅन आपटला तरी मार थेट सांध्यावर बसत नाही. जिथे सांधे जास्त तिथे गळती जास्त, म्हणून सांधा एकच. कुशीवरची फुली शोभेची नाही. सपाट पत्रा लगेच वाकतो, फुली दाबलेला पत्रा ताठ राहतो. आतलं इंधन फुगलं की याच फुलीमुळे पत्र्याला थोडं बाहेर सरकता येतं आणि सांध्यावर ताण येत नाही. वर मुठींखाली फुगीर जागा सोडलेली असते. तिथे हवा राहते. वाढत्या पेट्रोलला तेवढी उसंत मिळते, आणि त्याच हवेमुळे पेट्रोलनं भरलेला कॅन पाण्यात पडला तर तरंगतो.

आणि त्या तीन मुठी! एकट्यानं भरलेला कॅन उचलायचा तर मधली मूठ. दोघांनी न्यायचा तर एकेकानं बाहेरची एकेक. रिकामे न्यायचे तर दोन कॅन शेजारी ठेवून त्यांच्या लगतच्या मुठी एका पंजात धरायच्या. दोन हातांत चार कॅन. रांगेत उभं राहून एकानं दुसऱ्याकडे सरकवायचे असले, तरी देणाऱ्याला एक मूठ आणि घेणाऱ्याला दुसरी मोकळी मिळते. रिकामा कॅन साधारण चार-साडेचार किलोचा, पेट्रोलनं भरला की वीस किलोच्या आत. धडधाकट माणसाला दिवसभर उचलता येईल एवढंच वजन. ज्यानं हे आखलं त्यानं टेबलावर कागद पाहताना वाहणाऱ्या माणसाचा खांदा डोळ्यांसमोर ठेवला होता.

झाकणाची तऱ्हा तशीच. ते फिरवायचं नसतं. तरफ दाबली की झाकण वॉशरवर आवळून बसतं, आणि खिट्टी घातली की धक्क्यानं उघडत नाही. ते कॅनलाच जोडलेलं, म्हणून हरवत नाही. उन्हात राहिलेल्या कॅनची तरफ सावकाश उचलली की आधी कोंडलेली वाफ ‘फुस्स’ करून सुटते, मगच झाकण मागे पडतं. तोंडाच्या आत हवेसाठी एक बारीक नळी असते. तिच्यातून हवा आत जाते आणि पेट्रोल गचके न देता सलग धारेनं ओतलं जातं. नरसाळं लागत नाही, पाना लागत नाही.

हे सगळं १९३७ साली जर्मनीत जुळून आलं. श्वेल्म या गावातल्या म्युलर कंपनीचे मुख्य अभियंता विन्झेन्झ ग्र्युनफोगेल यांनी जर्मन सैन्यासाठी त्याची आखणी केली. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच असे हजारो कॅन गुपचूप साठवले गेले होते. हिटलरच्या आक्रमणाच्या तयारीत या वस्तूचा जन्म झाला, ही गोष्ट तिच्या चरित्रातून पुसता येत नाही, पुसूही नये. चांगली कारागिरी वाईट हेतूच्या हाती पडली की तो हेतू अधिक लांब पोचतो, हे हा कॅन पाहताना लक्षात ठेवावंच लागतं.

त्याचं गुपित बाहेर पडण्याच्या कथेत भारतही आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन अभियंता पॉल प्लाइस एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीनं भारताकडे निघाले. वाटेत पाण्याची सोय हवी होती, तेव्हा त्या सहकाऱ्यानं टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन कॅन मिळवले. पुढे सहकाऱ्याला मायदेशी परतावं लागलं, पण त्याआधी त्यानं कॅन कसा बनवतात याचा तपशील प्लाइस यांना देऊन टाकला. प्लाइस कलकत्त्याला पोचले, गाडी तिथेच ठेवून अमेरिकेला गेले आणि तिथल्या लष्कराला या कॅनबद्दल सांगू लागले. दाखवायला कॅन हवा, म्हणून गाडीसुद्धा मागवून घेतली. तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकेनं पुढे आपला कॅन बनवला तो त्याच आकाराचा, पण वेल्डिंगऐवजी दुमडलेले सांधे आणि फिरकीचं झाकण असलेला. त्यातून ओतायला पाना आणि नरसाळं लागू लागलं.

अशाच हेळसांडीची किंमत ब्रिटिशांना उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात मोजावी लागली. ब्रिटिश सैन्य पेट्रोल नेत होतं पातळ पत्र्याच्या चार गॅलनी चौकोनी डब्यांत. आपल्याकडे रॉकेलचा डबा म्हणून ओळखला गेला तसलाच तो डबा. ट्रकच्या हादऱ्यांनी त्याचे सांधे उकलत आणि पेट्रोल वाळूत जाई. तळापासून मोर्च्यापर्यंत सुमारे ३० टक्के पेट्रोल वाया जातं, असा अंदाज ब्रिटिश सेनापती जनरल ऑकिनलेक यांनी केला होता. रिकामे डबे कापून, त्यांत वाळू आणि पेट्रोल घालून सैनिक चहा उकळत. डब्याचा खरा उपयोग तेवढाच उरला होता. याच वाळवंटात आपली माणसंही होती. २१ जून १९४२ ला तिथलं तोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन तिथे लढत होती. इंधनाचा प्रत्येक थेंब जिथे माणसाच्या जिवाशी बांधलेला, तिथे डबा गळका असणं म्हणजे काय, हे त्या पिढीनं पाहिलं.

जर्मनांचे कॅन हाती लागले की ब्रिटिश सैनिक ते टाकत नसत, वापरत. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून हा जेरीकॅन झाला. शेवटी ब्रिटननं त्याची हुबेहूब नक्कल केली. १९४४ मध्ये फ्रान्समधून दौडणाऱ्या दोस्त सैन्यांचं पेट्रोल या कॅनमधूनच पोचत होतं. कॅनची टंचाई इतकी झाली की वाटेत टाकून दिलेले कॅन शोधून परत आणायला नागरिकांना आणि शाळकरी मुलांना आवाहन करावं लागलं. शत्रूसाठी जन्मलेला गडी शत्रूच्याच पराभवात राबला.

युद्ध संपलं, त्याची नोकरी संपली नाही. आज आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत वीस लिटरच्या पिवळ्या प्लास्टिक कॅनमधून बायका-मुलं पाणी वाहतात. तो याचाच वंशज. पण पेट्रोलपुरतं बोलायचं तर मूळचा धातूचा गडीच खरा. आपला १९३४ चा पेट्रोलियम कायदाही तेच सांगतो. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत पाण्याची प्लास्टिक बाटली नाही. तरी शेतात पॉवर वीडरसाठी, गणपतीच्या मांडवात जनरेटरसाठी पेट्रोल येतं ते बहुधा त्याच बाटलीतून. तहानलेलं पोर ती बाटली तोंडाला लावू शकतं, हा विचार मला अस्वस्थ करतो.

या गड्यातही दोष आहेत, तेही सांगायला हवेत. पोटात पाणी राहिलं तर तो आतून गंजतो. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून भरून महिनोन्‌महिने ठेवण्यात हशील नाही. वॉशर वाळला की झाकणाचा भरवसा संपतो. म्हणून कॅन घेताना झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड टाका. आतला रंगाचा थर अखंड आहे ना, कुठे पोपडा सुटलाय का, ते पाहा. सांध्यावरून बोट फिरवा. थोडं पाणी भरून, झाकण लावून कॅन उलटा करून ठेवा. एक थेंब जरी पाझरला तरी तो कॅन पेट्रोलच्या कामाचा नाही. पाझरला नाही, तर पूर्ण कोरडा करूनच वापरा. भरताना तो गाडीत ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवा आणि नोझल तोंडाला टेकलेलं असू द्या, म्हणजे साठलेली स्थिर वीज ठिणगी न पाडता जमिनीत उतरते. गळ्यापर्यंत भरू नका. वरची हवेची जागा रिकामी राहू द्या, ती त्याच कामाची आहे. मग त्याला स्वयंपाकघरापासून, देवघरातल्या दिव्यापासून आणि उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवा.

पेट्रोल साठवायची गरज नसेल तर साठवू नका. गरज असेलच, तर बाटलीचा मोह सोडा, चांगला धातूचा कॅन घ्या, त्यावर ठळक अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहा आणि त्यात दुसरं काही कधीही भरू नका.