काळे पाणी कुणाचे?

बदल्यांचा हंगाम आला की सरकारी कचेरीत एक शब्द हमखास ऐकू येतो. 'अमक्याला चिचगडला टाकला, म्हणजे काळ्या पाण्यावरच धाडला!'

वाचकहो, हा शब्द आला कुठून? समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, जात जाते, अशी जुनी समजूत होती. असा वर्ज्य समुद्र म्हणजे काळे पाणी. 1858 पासून इंग्रजांनी अंदमानात कैदी नेऊन ठेवले, तेव्हा त्या शिक्षेलाच लोक काळे पाणी म्हणू लागले. तिथला सेल्युलर जेल 1906 साली बांधून झाला. कैद्यांची ती वसाहत 1945 मध्ये मोडली, पण शब्द आमच्या कचेऱ्यांत मुक्कामाला राहिला. बाबासाहेब 1913 साली हाच समुद्र ओलांडून अमेरिकेला शिकायला गेले. ज्या पाण्याची भीती घातली, त्याच्या पलीकडे त्यांना विद्या मिळाली.

आता चिचगड पाहा. गोंदिया जिल्ह्यातील देवरीला नागपूर-रायपूर महामार्ग सोडायचा आणि दक्षिणेकडे जंगलातून जायचे. पुढे छत्तीसगडची हद्द जवळच. धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, यांवर इथल्या घरांची चूल पेटते. दिवाळीनंतर या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार रंगते. गावात पोलीस ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे.

अडचणी खोट्या नाहीत. जंगलाचा मुलूख, पावसाळ्यात हिवताप, त्यात अनेक वर्षे नक्षलवाद्यांची दहशत. म्हणूनच आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना शासनाने 2002 मध्ये एकस्तर वेतनाची सवलत दिली. तो त्यांचा हक्क आहे, जरूर घ्यावा.

पण ज्या गावात नोकरदार 'शिक्षा' भोगायला येतो, तिथे त्याचे मन लागत नाही. रुजू होण्याआधीच तो परतीच्या बदलीचा अर्ज लिहितो. तो गेला की खुर्ची रिकामी पडते. मग शाळेत एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळतो आणि दाखल्यासाठी आलेला शेतमजूर दिवसाची मजुरी बुडवून तसाच परततो. नोकरदाराची शिक्षा तीन वर्षांत संपते. गावकऱ्यांनी कोणता गुन्हा केला?

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या शिक्षक, नर्स, तलाठी होईल. चिचगडसारख्या गावी नेमणूक झाली, तर घरच्यांनी तोंड पाडू नये. 'काळे पाणी' हा शब्द तर त्या गावच्या लेकरांसमोर चुकूनही काढू नये. त्यांचे ते घर आहे.