पळसपापडीचे माप

'वात्सल्य' हा शब्द वत्सापासून, म्हणजे वासरापासून आला, हे वर्गात सांगताना आम्ही दर वर्षी किंचित अडखळतो. विद्यार्थ्यांच्या ते ध्यानात येत नाही; त्यांना व्युत्पत्ती परीक्षेपुरती हवी असते. आमच्या डोळ्यांपुढे मात्र त्या क्षणी गाईला लुचणारे गोजिरे वासरू उभे राहत नाही. उभे राहते ते म्हशीचे एक रेडकू. पोट नगाऱ्यासारखे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, शेपटीला मातकट शेण चिकटलेले. गाईच्या वासराचे आपल्या वाङ्मयाने जेवढे लाड केले तेवढे रेडकाच्या वाट्याला आले नाहीत. वेद बोलल्याखेरीज रेड्याची आपल्याकडे दखल घेतली जात नाही!

आमचे बालपण पाटण तालुक्यातल्या एका लहानशा गावात गेले. घरी दोन म्हशी होत्या आणि गुरांची दुखणीखुपणी आजोबांकडे असत. रेडकू तीन-चार आठवड्यांचे झाले, की एखाद्याच्या तोंडाला आंबूस वास येऊ लागे. आजोबा त्याच्या तोंडाशी नाक नेत आणि "जंत झाल्यात ह्येला" एवढेच म्हणत. मग आढ्याला टांगलेली पुरचुंडी खाली उतरे. तीत पळसपापडी असे: पळसाच्या चपट्या शेंगेच्या टोकाशी एकुलती एक असणारी, तांबूस, पातळ बी. आजोबा बिया मोजून घेत, भिजवून त्यांची साले काढत, वाटत, आणि गुळात कालवून तो गोळा रेडकाच्या जिभेच्या मुळाशी सारत. पुढल्या एकदोन दिवसांत शेणाबरोबर वीतभर लांबीचे, जाड सुतळीसारखे पांढुरके जंत पडलेले दिसत. ते मोजण्याचे काम आम्ही भावंडे आवडीने करीत असू. बिया मोजण्याकडे मात्र आमचे लक्ष नसे.

आम्ही सातवीत असताना आजोबा एका लग्नासाठी चार दिवस परगावी गेले. धाकट्या म्हशीचे रेडकू तेव्हा जेमतेम बारा दिवसांचे होते आणि थोडे मलूल दिसत होते. आम्ही आजोबांसारखेच त्याच्या तोंडाशी नाक नेले, आणि आम्हांला वास आला. येणारच होता, आम्हांला तो हवा होता. पुरचुंडी काढली, मूठभर बिया घेतल्या, भिजवल्या, वाटल्या. झाडाचेच औषध, चार बिया जास्त गेल्या तर गुणही जास्त येईल, असा हिशेब होता. संध्याकाळपासून रेडकाला रक्त पडू लागले आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. आजोबा परतले. त्यांनी रिकामी पुरचुंडी पाहिली, आमच्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात भरलेली पुरचुंडी आमचा हात पोचणार नाही अशा खुंटीवर गेली होती, एवढेच.

पुढे वाङ्मयाच्या अभ्यासात शिरलो तरी ती पुरचुंडी सुटली नाही. पळसबियांत 'पॅलासोनिन' नावाचे द्रव्य असते, हे वाचनात आले. काही भुंगेऱ्यांच्या नुसत्या स्पर्शाने कातडीवर फोड येतात. त्यांच्या अंगातले 'कँथारिडिन' हे विष आणि हे पॅलासोनिन सख्खी भावंडे, रचनेत फरक एका मिथिल गटाचा. कँथारिडिन आतडी आणि मूत्रपिंडे पोळते; चाऱ्यातून ते भुंगेरे पोटात गेले तर घोड्यासारखे जनावर दगावते. जंताला नकोसे होणारे द्रव्य रेडकाच्या कोवळ्या आतड्याला हवेसे वाटावे, असा काही निसर्गाचा करार झालेला नाही.

त्याहून अस्वस्थ केले ते त्या जंताच्या वाटेने. 'टॉक्सोकारा व्हिट्युलोरम' हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यातही वासरू आहेच. याच्या अळ्या म्हशीच्या अंगात निपचित पडून असतात, विण्याच्या सुमारास जाग्या होतात आणि कासेत उतरतात. रेडकू पहिल्या दिवसांत जे दूध पिते त्यातूनच ते जंत पिते. म्हणजे ज्या पान्ह्यावरून आपण वात्सल्य शिकवतो, तीच त्यांची वाट. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर तीन पायऱ्यांचा उपाय आहे: कृमी ओढून बाहेर काढावेत, ते जिथे वाढतात तिथली स्थिती पालटावी, आणि ज्या कारणाने ते होतात ते टाळावे. रेडकाच्या बाबतीत ही तिसरी पायरी चढायची कशी? कारण म्हणजे तर आई.

आमच्या आजीने ती पायरी आपल्या परीने चढून पाहिली होती. चिकाने जंत होतात असे ती म्हणे. म्हणून म्हशीची वार पडेपर्यंत रेडकाला ती कासेजवळ फिरकू देत नसे. त्या चिकाचा खरवस आम्ही वेलदोडा घालून खात असू. आजीचे अर्धे खरे होते, हे आज कळते. उरलेले अर्धे असे, की रेडकू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे जवळपास नसतातच. ती चिकातून मिळतात आणि पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात जाऊ शकतात. तेव्हा ते रेडकू आमच्या मुठीने मेले, की वाडग्यातल्या खरवसाने आधीच दुबळे झाले होते, याचा निवाडा आम्ही अनेकदा करायला बसलो आणि दर वेळी आमचीच मूठ जड भरली.

हे सारे वर आले त्याला निमित्त झाले एका विद्यार्थिनीच्या निबंधाचे. विषय लोकज्ञानाचा, भाषा गोड. 'निसर्गाचे निरुपद्रवी औषध' अशा अर्थाची विशेषणे पानोपानी, आणि एकही आकडा नाही. आम्ही समासात लिहिले: गुणविशेषणे पुष्कळ, संख्याविशेषण कुठे? तिला तो व्याकरणाचा विनोद वाटला असावा. किरमाणी ओव्यातले सँटोनिन 1830 साली वेगळे काढले गेले. त्याची मात्रा वाढली की रोग्याला जग पिवळे दिसू लागे. उलट, गुरांच्या अनेक जंतांवर चालणारे आयव्हरमेक्टिन जपानच्या मातीतल्या एका जिवाणूने बनवलेल्या द्रव्यापासून आले. त्या शोधाला 2015 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. दुकानातल्या बाटलीतले म्हणून त्याला कुणी नैसर्गिक म्हणत नाही. आजोबांनी तरी पळसाला नैसर्गिक कुठे म्हटले होते? ते नुसते मोजत.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. चुलतभावाच्या गोठ्यात दहा-बारा दिवसांचे रेडकू होते. जन्मल्यावर तासाभरात त्याला चीक पाजला होता. जन्मानंतर 10 ते 16 दिवसांत पायरँटेलसारखे औषध एकदा दिले, की जंत अंडी घालण्याइतके वाढण्याआधीच निघून जातात. भाऊ ते पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे देतो. त्याला आम्ही विचारले, "आबा पळसपापडीच्या बिया किती घ्यायचे रे?"

"मोजून घ्यायचे," तो म्हणाला.

"किती पण?"

त्याने थोडा वेळ आढ्याकडे पाहिले. मग बाटली उजेडात धरून तिच्या मापावरची रेघ नीट पाहून घेतली आणि म्हणाला, "तू जरा ह्याचं तोंड धर."

आम्ही धरले. तोंडाला अजून नुसता दुधाचा वास होता.