डब्यावर काय लिहिलं होतं?

माझ्या गाडीची पुढची दोन चाकं कायम काळी आणि मागची दोन चकाचक. गाडी घेतली त्या आठवड्यापासून हे असंच. मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, अर्धीच धुतेस का गाडी?" मी हसून वेळ मारून न्यायचे, पण आत कुठेतरी टोचायचंच. कारण गाडी सेकंड हँड असली तरी माझ्या स्वतःच्या पैशांची होती! फ्रीलान्स पत्रकाराचा लेख आज छापून येतो आणि मानधन तीन महिन्यांनी. अशा कमाईतून हप्ते भरायचे म्हणजे काय, ते फ्रीलान्सरच जाणे. त्यात आधीच्या मालकाने हौसेने अलॉय व्हील्स बसवलेली, गॅरेजवाले ज्यांना अजूनही 'मॅगव्हील' म्हणतात ती. अख्ख्या गाडीत मिरवण्यासारखं तेवढंच, आणि नेमकं तेच काळं!

खरा मुद्दा होता बाबांचा. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं चिपळूणहून गाड्या काढल्या, पण घराच्या दारात स्वतःची गाडी कधी उभी राहिली नाही. आता लेक पुण्याहून स्वतःची गाडी चालवत येणार होती. पहिल्यांदाच. "रविवारी येते," असं फोनवर सांगून बसले आणि मग लक्ष गेलं चाकांकडे.

शाम्पू झाला. भांड्यांचं लिक्विड झालं. नेटवर वाचून लिंबू आणि खायचा सोडासुद्धा झाला. काळेपणा जरा हलायचा, पण खालचे तपकिरी-नारिंगी ठिपके जागचे हलायला तयार नाहीत. शेवटी शुक्रवारी ॲक्सेसरीजचं एक दुकान गाठलं. काउंटरवरच्या माणसाने मोबाइलवरचा चाकाचा फोटो बघितला न बघितला आणि खालून एक पांढरा कॅन काढला. नाव नाही, लेबल नाही. "मॅडम, कडक मटेरियल आहे. लावायचं, घासायचं, पाणी मारायचं. विषय संपला."

मला विषय संपवायचाच होता. घेतला कॅन.

शनिवारी अकराच्या आत एक फीचर मेल करायचं होतं. म्हणून तो कॅन मी आमच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या काकांच्या हातात दिला. काका रोज पहाटे पाचला येतात. एक बादली, दोन फडकी आणि वीसेक गाड्या. "काका, पुढची दोन चाकं तेवढी करून द्या ना. वरचे शंभर देते."

"देतो की ताई," काका म्हणाले. मी वर येऊन लॅपटॉप उघडला.

तासाभराने खाली आले तर चाकं अशी चमकत होती की बघत राहावं. मी खूश, काका खूश. त्यांनी फडकं पिळलं, हात नळाखाली धरले आणि म्हणाले, "जरा चुरचुरतंय. होईल कमी."

नाही झालं कमी. दुपारी वॉचमन वर आला. काकांची बोटं लाल होऊन सुजली होती. मी त्यांना त्याच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं बघितली आणि पहिला प्रश्न मला विचारला.

"काय लावलं होतं?"

"चाकं धुवायचं लिक्विड."

"ते कळलं हो. त्यात काय होतं? डब्यावर काय लिहिलं होतं?"

डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मास कॉमच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं: कोण, काय, कधी, कुठे, का. पाचशे शब्दांच्या लेखासाठी मी दोन-दोन ठिकाणी खातरजमा करते. आणि इथे 'काय' हा साधा प्रश्न मला दुकानात सुचला नव्हता!

डॉक्टर एवढे का विचारत होते, ते त्यांनीच सांगितलं. चाकांच्या जहाल क्लीनरमध्ये बऱ्याचदा ॲसिड असतं. हायड्रोक्लोरिक असेल तर ते लगेच भाजतं, त्यामुळे माणूस हात मागे घेतो. पण काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइडसारखे त्याचे भाऊबंद असतात. हे प्रकरण लबाड. पातळ असेल तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांनी कळा सुरू होतात, तोवर ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडायला लागलेलं असतं. त्यावर उपचारही वेगळा, कॅल्शियमचं जेल. म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. आम्हाला ते माहीत नव्हतं, म्हणून काका संध्याकाळभर दवाखान्यात थांबून राहिले. सुदैवाने जखम वरवरची निघाली. तरी आठ दिवस बादलीत हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या आठ दिवसांचे पैसे मी दिले, त्यात मोठेपणा काही नाही. परत येताना काका काय म्हणाले असतील? "ताई, चाकं झाली ना पण चकाचक?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आणि चाकं? रविवारी सकाळी ऊन पडलं तेव्हा त्यांच्यावर दुधाळ पांढरे डाग दिसले. आदल्या दिवशीची चमक गेली होती, ती परत आलीच नाही. चिपळूणचं जाणं मी कामाचं कारण सांगून पुढे ढकललं.

मग मात्र पत्रकार जागी झाली. एका मेकॅनिकला गाठलं, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला पिडलं आणि दुकानांत उभं राहून बाटल्यांची लेबलं वाचली. जे समजलं ते आधी समजलं असतं, तर काकांची बोटं वाचली असती.

पहिली गोष्ट म्हणजे चाकावरचा काळा थर नुसता रस्त्याचा मळ नसतो. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतो. डिस्क ओतीव लोखंडाची. दोन्ही थोडे थोडे झिजतात आणि लोखंडाचे बारीक, तापलेले कण चाकावर उडून चिकटतात. पाणी लागलं की ते गंजतात. माझे नारिंगी ठिपके ते हेच! आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रममध्ये धूळ आतच राहते. शिवाय ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे जास्तीचं काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं. पुढची काळी, मागची चकाचक, याचा उलगडा एवढा सोपा होता. ही धूळ हवेतही जाते. म्हणून तर 2024 मध्ये युरोपने मंजूर केलेल्या 'युरो 7' नियमांत धुराबरोबर ब्रेकच्या धुळीवरही पहिल्यांदाच मर्यादा घातली गेली. तेव्हा कोरड्या चाकावर हवेचा प्रेशर मारून ही धूळ नाकात घेऊ नका. आधी पाणी, मग बाकी सगळं.

दुसरी गोष्ट, कडक म्हणजे चांगलं, हा आपला घरगुती फंडा इथे चालत नाही. बाथरूमच्या फरशीसाठी आणलेलं ॲसिड चाकाला लावणारे महाभाग मला नंतर बरेच भेटले. अलॉय म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम, आणि ॲल्युमिनियम ॲसिडलाही घाबरतं आणि कॉस्टिकलाही. त्यावर बहुतेक वेळा पारदर्शक लॅकरचा थर असतो, तोच खरा चिलखत. लॅकर शाबूत असेल तर पीएच न्यूट्रल क्लीनर घ्यावा. चाक नुसतं पॉलिश केलेलं, बिनलॅकरचं असेल तर जास्तच जपायला हवं. ओळखायचं कसं? पांढऱ्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन आतल्या बाजूला घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. आणि तुमच्या चाकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतील तर खर्चच नको, कार शाम्पू आणि मऊ ब्रश बास.

तिसरी गोष्ट त्या हट्टी ठिपक्यांची. त्यांच्यासाठी 'आयर्न रिमूव्हर' मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं द्रव्य असतं, ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं आणि कण सोडवून आणतं. वास मात्र सडक्या अंड्याचा! पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनचा वास आठवतो? मंडळी एकाच घराण्यातली. हाही काही गुलाबपाणी नाही, कातडीला खाज आणू शकतो, त्यामुळे ग्लोव्हज हवेतच. पण तो काही महिन्यांतून एकदा पुरतो. दर आठवड्याला साधा शाम्पू मारला तर धूळ रुतून बसतच नाही.

महिनाभराने मी लेबल असलेली, त्यावर घटक आणि सूचना लिहिलेली बाटली आणली. दोन जोड्या ग्लोव्हज आणले. या वेळी कोणालाही काम दिलं नाही, स्वतः खाली उतरले. काका शेजारी येऊन उभे राहिलेच. गाडी सावलीत, चाकं थंड. तापलेल्या चाकावर औषध लगेच वाळतं आणि डाग पडतात. एकेक चाक घ्यायचं. पाणी मारून फवारा दिला. दोन मिनिटांत जांभळे ओघळ सुटले. "अगं बाई, चाकाला रक्त आलं की!" काका ओरडले. मी मऊ ब्रश फिरवला, वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुतलं. चाकाचं फडकं वेगळं ठेवलं, कारण त्यात अडकलेले लोखंडाचे कण पत्र्यावर ओरखडे काढतात. मग सोसायटीतच एक संथ फेरी मारून दोन-तीनदा हलके ब्रेक लावले, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. ठिपके गेले. ॲसिडचे पांढरे डाग मात्र तसेच राहिले. ते मळ नव्हतेच, ती जखम होती.

पुढच्या रविवारी उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरले आणि चिपळूण गाठलं. आई ओवाळायला तबक घेऊन उभी. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि थेट पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्यापुढे धरलं.

"घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस ना?"

मी गप्प.

"ज्या गिअरवर घाट चढतो, त्याच गिअरवर उतरायचा. इंजिनाला धरू दे गाडी. ब्रेक सारखा दाबून तापवलास तर ऐन वळणावर दगा देईल तो." मग त्यांचं बोट पांढऱ्या डागावर थांबलं. "आणि हे गो काय?"

सगळं सांगितलं. कॅन, काका, दवाखाना. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. बाबा उठले, हात धोतराला पुसले.

"हात बरा झाला काय त्याचा?"

"हो."

"पुरता? फडकं पिळता येतं?"

"येतं बाबा."

"मग राहू दे ते डाग," एवढंच बोलून ते गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चल, बाजारातून फेरी मारून आण."

डाग अजून आहेत. रिफिनिशिंगवाल्याने पॉलिश करून नवीन कोट मारायचं कोटेशन दिलंय, मी ते बाजूला ठेवलंय. आता घाटात दुसऱ्या गिअरवर उतरते आणि खरं सांगते, पुढची चाकं पूर्वीइतकी काळी होत नाहीत.

परवा सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात एक निळी बाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी चाकांसाठी दिली होती. काकांनी ती उलटी केली, लेबल माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले,

"ताई, इंग्लिशमध्ये आहे. आधी वाचून सांगा, काय लिहिलंय?"