एकच डोस

अक्कलदाढ काढायची ठरली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. बडोद्यातले डॉक्टर गुजरातीत म्हणाले, "दाढ हाडात आडवी रुतली आहे. हिरडी कापून थोडं हाड कोरावं लागेल. सूज येते, म्हणून गालाच्या स्नायूत डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतो. स्टेरॉइड आहे." मी खुर्चीत उठून बसले.

आमच्या घरात स्टेरॉइड म्हणजे आईचा चेहरा. संधिवातासाठी ती प्रेडनिसोलोन घ्यायची. त्याने तिची बोटं मोकळी झाली, पोळ्या पुन्हा लाटता येऊ लागल्या; पण गाल फुगले, चेहरा गोल झाला. मी तेव्हा चौदा वर्षांची. "स्नेहसंमेलनाला तू येऊ नकोस," असं मी तिला सांगितलं. ती आली नाही. त्याच आठवड्यात तिने गोळ्या एकाएकी बंद केल्या आणि चौथ्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून गोळ्या हळूहळूच सोडायच्या असतात, हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

डॉक्टरांना मी एवढंच म्हटलं, "आईला त्रास झाला होता." त्यांनी आधी मधुमेहाबद्दल विचारलं, कारण या औषधाने रक्तातली साखर वाढते. मग म्हणाले, "तिथे वर्षं होती, इथे एकच डोस. जखमेभोवती रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, त्यानेच सूज येते. ते झिरपणं याने कमी होतं."

मी हो म्हटलं. गाल बधिर होता, सुई कळलीही नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आरशात एक गाल जरा जड दिसला, इतकंच. ठणका होता, पण वेदनाशामक गोळीने आवरत होता. तोंड दोन बोटं उघडत होतं.

आई मऊ भात घेऊन आली. वाकड्या बोटांनी माझी हनुवटी उचलून म्हणाली, "फार नाही गं सुजलं."

"आई, त्या स्नेहसंमेलनाला मी तुला न्यायला हवं होतं."

ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, "नाटकात तू काय झाली होतीस, ते मला अजून माहीत नाही."

तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी मी तिला सगळं नाटक सांगितलं.