वरचे मजले

३ मार्च २०२५, सोमवार
दादाचा पुण्याहून फोन. नागपुरात इतवारीतल्या आमच्या इमारतीला गिऱ्हाईक आलं आहे. भांड्यांचं दुकान, वरचे दोन मजले, गच्ची, सगळं एकदम. प्लास्टिक मालाचं गोडाऊन करायचं म्हणतात. "विचार कर, घाई नाही," म्हणाला. आवाजात घाई होती.

५ मार्च
उज्ज्वल नगरहून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलायची, चितार ओळ चौकात उतरायचं, तिथून पायी भांडे ओळ. स्कूटरवर यायचो तेव्हा सेंट्रल ॲव्हेन्यूवरच अर्धा जीव जायचा. आज डब्यात दोन मुली एकमेकींना विचारत होत्या, इतवारीत पितळी दिवे कुठे मिळतात. पत्ता सांगितला. आल्या नाहीत.

८ मार्च
स्टॉक मोजायला थांबलो. नऊला ओळीतली शटरं पडली. बाहेर येऊन वर पाहिलं. आमचा मजला काळोखात. शेजारचा काळोखात. समोर सज्जात खोके, खोक्यांवर ताडपत्री. दिवे लागलेली घरं बोटावर मोजण्याइतकी.
लहानपणी दुकान खाली, घर वर, हाच रिवाज. बायका या सज्जातून त्या सज्जाशी बोलायच्या. बाबा खालून हाक मारायचे, वरून चहा यायचा. रात्री कुणाचं पोर रडलं तरी ओळीला कळायचं.
आम्ही का गेलो? आई आजारी पडली तेव्हा ॲम्ब्युलन्स ओळीच्या तोंडाशीच थांबली. तिला खुर्चीवर बसवून तिथवर नेलं. त्याच वर्षी मनीष नगरला फ्लॅट घेतला. ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची अशी एक गोष्ट आहे. कुणाला पाणी चढत नव्हतं, कुणाची गाडी ठेवायला जागा नव्हती, कुणाच्या मुलासाठी सांगून आलेली मुलगी जिने पाहून परत गेली.

१४ मार्च
धुळवड. बंद.

१८ मार्च
संचारबंदी. काल रात्री महालात चिटणीस पार्ककडे दगडफेक, जाळपोळ. मग हंसापुरीत. कल्हईवाले चाचा मोमिनपुऱ्यात राहतात. तीनदा फोन लावला तेव्हा लागला. "सब खैरियत. तुम्ही घरीच रहा भाऊ."

१९ मार्च
मोबाईलवर त्याच त्या चित्रफिती. बंद करून ठेवला.

२३ मार्च, रविवार
संचारबंदी आज सगळीकडची उठली. जखमींपैकी एक जण काल गेला. दुकान उघडून झाडून काढलं. चाचा आले. दोघांनी चहा घेतला, फार बोललो नाही.
समोरच्या आजी अजून वरच राहतात. म्हणाल्या, "पह्यले रात्री खाली आवाज झाला की दहा खिडक्या उघडत. यंदा मी एकटीच उभी होती."
दिवसभर तेच डोक्यात. पोलीस चौकात असतात. ओळीत माणूस वर झोपलेला लागतो.

३० मार्च, पाडवा
गुढीसाठी तांब्याचे गडवे गेले. सकाळी दहापर्यंत बरी गर्दी. माणसं भाव कमी करत होती, हसत होती. बरं वाटलं.

७ एप्रिल
काल रामनवमी. पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा. भीती होती, सुखरूप पार पडली.

१९ एप्रिल
महालात केळीबाग रोडला आतेभावाकडे. रुंदीकरणात त्यांच्या दुकानाचं तोंड गेलं. शेजारचं एक घर उभं कापलेलं. दुसऱ्या मजल्यावरची निळी भिंत रस्त्याकडे उघडी, तिच्यात देवाचा कोनाडा, कोनाड्यात तेलाचा काळा डाग. खालून रिक्षा जातात. आतेभाऊ म्हणाला, रस्ता हवाच होता. मग थोडं थांबून, "पण गिऱ्हाईक आता थांबत नाही. सुसाट निघून जातं."
जुन्या भंडारा रोडचं रुंदीकरण वीस वर्षांवर लटकलं आहे. तिथं कुणी घराला रंगही देत नाही. उद्या पडणार त्याला आज चुना कशाला? पाडलं नाही तरी घरं अशी मरतात.

२ मे
ऊन सोसवत नाही. दुपारी बाबांच्या जुन्या वह्या काढल्या. दिवाळीच्या पानांवर नावांपुढे 'मिल' लिहिलेलं. एम्प्रेस मिलचा बोनस झाला की त्या आठवड्यात गुंड, कोपर, गंज, सगळी भांडी खपायची. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली मिल. १९८६ मध्ये टाटांच्या हातून सरकारकडे गेली, २००२ मध्ये कायमची बंद. मिलच्या जागेवर आता मॉल आहे. पोरं तिथं एसीत फिरायला जातात, त्यांना नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पण बोनस घेऊन इतवारीत येणारा माणूस गेला, तो परत आला नाही.
त्याआधी १९५६ ला नागपूरचं राजधानीपण गेलं. बाबा सांगत, बाबू लोकांची बिऱ्हाडं बंगल्यांतून उठली तेव्हा भांडी मोडीत यायला लागली होती. मग धान्याचा ठोक बाजार कळमन्याला गेला. हमाल गेले, त्यांच्या मागे खानावळी गेल्या.
एकेक पान उलटलं की एकेक गिऱ्हाईक कमी. दादाला हे पान पाठवावंसं वाटलं. नाही पाठवलं.

११ मे
उमरेडकडचं कुटुंब. लग्नाची भांडी. आजोबा म्हणाले, पूर्वी नागभीडची छोटी गाडी होती, सकाळी इतवारी स्टेशनला उतरायचं, भांडी घ्यायची, संध्याकाळच्या गाडीत पोतं टाकायचं. नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, ब्रॉडगेज करायला. "आता गाडी करून यावं लागते. मंग उमरेडलाच घेऊन टाकतो आम्ही." यंदा नातीच्या हट्टापायी आले. तिला पितळेचाच कोपर हवा होता.
छिंदवाड्याची गाडी ब्रॉडगेजवर पुन्हा धावते आहे. सौंसरकडची तोंडं दिसू लागली आहेत. रूळ जोडले की माणूस येतो. नागभीडचे जोडले जावोत लवकर.

२४ मे
चाचांची भट्टी आमच्या मागच्या अंगणात. आज माझ्या पोरगीला दाखवली. गंज लाल होईतो तापवला. नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, डोळ्यांत पाणी. मग कथलाची कांडी टेकवली न टेकवली तोच कापसाच्या बोळ्यानं आतून एक फेर. काळा गंज आरशासारखा झाला. पाण्यात बुडवला, चर्रर्र. सगळं मिनिटभरात. पोरगीनं मोबाईलवर घेतलं, रात्री टाकलं.

२६ मे
तीन जण ती चित्रफीत पाहून आले. एक बाई हिंगण्याकडून, लोकमान्य नगरहून मेट्रोनं थेट. पिशवीत आजीचं पातेलं.

३० मे
आणखी. चाचांना मदतीला भाचा आणावा लागला. बेसाहून येणारे, त्रिमूर्ती नगरहून येणारे. हे सगळे मूळचे इकडचेच. कुणी महालातले, कुणी लाल इमलीतले, कुणी इतवारीतले. आजीचं भांडं घेऊन आजीच्या मोहल्ल्यात येतात. एकानं वर बोट दाखवून विचारलं, इथं कोण राहतं? कोणी नाही, म्हणालो.

८ जून
माझा भाचा डेट्रॉइटला असतो. फोनवर तिथलं मोठं रेल्वे स्टेशन सांगत होता. १९८८ पासून बंद, काचा फुटलेल्या, पावसानं छत गळणारं. फोर्ड कंपनीनं विकत घेतलं, दुरुस्त केलं, गेल्या वर्षी जूनमध्ये लोकांना उघडलं. १९५० ला साडेअठरा लाखांचं शहर, २०२० ला साडेसहा लाखही नाही. मी विचारलं, त्या स्टेशनाच्या आसपास माणसं राहायला आली का? म्हणाला, थोडी येताहेत, पण भाडी वाढताहेत, जुने लोक घाबरले आहेत.
हे लिहून ठेवतो. इतवारीत वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या तर समोरच्या आजींचं काय होईल, याचा विचार आधी.

१५ जून
दादा: गिऱ्हाईक थांबायला तयार नाही.
पोरगी: वरचा एक मजला नीट करून पाहू या का?

९ जुलै
रात्रभर पाऊस. सकाळी पहिल्यांदा नाग नदीची बातमी पाहिली. २०२३ च्या सप्टेंबरातली रात्र अंगातून गेलेली नाही. अंबाझरी तलाव भरून वाहिला, मोर भवनात बसेस बुडाल्या, बर्डीच्या तळघरातल्या दुकानांत माल तरंगत होता. आमची ओळ उंचावर, वाचली. वर जाऊन गच्ची पाहिली. एका कोपऱ्यात गळते. बाकी लाकूड शाबूत. सागवान आहे.

१२ जुलै
मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तुळईवर ठोकून पाहिलं. "ही अजून पन्नास वर्षं हलत नाही भाऊ. नवीन कशाले बांधता?" संडास नवा, वायरिंग नवी, गच्चीला वॉटरप्रूफिंग, मोटर. अंदाज लिहून दिला. छातीवर दडपण आलं, तरी कागद फाडला नाही.

७ ऑगस्ट
राख्यांसाठी बर्डी. मेन रोडला पाय ठेवायला जागा नाही. दुकानदार म्हणतात फेरीवाले हटवा, फेरीवाले म्हणतात २०१४ चा कायदा आमच्यासाठी आहे. मुंजे चौकातल्या स्टेशनातून लोंढा उतरतो आणि सरळ फुटपाथच्या मालावर झुकतो. दुकानदाराचा राग मला कळतो, मीही दुकानदार आहे. पण फेरीवाले नसलेली बर्डी मी टाळेबंदीत पाहिली आहे. दोघांना जागा आखून द्या, आखलेली पाळायला लावा. एवढं काम वर्षानुवर्षं का होत नाही, याचा संताप येतो.
बर्डी जिवंत आहे. तिथं माणूस येतो आणि जातो. इतवारीचं दुखणं वेगळं आहे.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
मारबतीची मिरवणूक. पहाटेपासून ढोल. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. समोरच्या आजींनी बोलावलं म्हणून सगळे त्यांच्या सज्जात. पोरगी, तिच्या मैत्रिणी, चाचांचा भाचा. बडग्यांच्या पुतळ्यांवर खड्ड्यांच्या पाट्या, महागाईच्या पाट्या. सगळी ईडापिडा गावाबाहेर घालवायची, तेव्हा ज्याला जे सलतं त्यानं ते ओरडायचं. पोरं ओरडत होती. मीही ओरडलो, काय ते इथं लिहीत नाही.
दादाही आला होता, पुण्याहून, न कळवता. आमच्या वरच्या मजल्यावर एकटाच गेला. बराच वेळ खाली आला नाही.

२४ ऑगस्ट
दादा म्हणाला, "आईचं मेतकुटाचं फडताळ तसंच आहे रे." गिऱ्हाइकाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
आजपासून भांड्यांवर जीएसटी बारावरून पाच. सकाळपासून किमती बदलणं. जुनी लेबलं खरवडून नखं दुखली. घटाला कलश गेले.

२ ऑक्टोबर
दसरा. मेट्रोत दीक्षाभूमीला जाणारी माणसं, लेकरं खांद्यावर. डब्यात तिळभर जागा नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
रात्री अकराला लिहितो आहे, दुकानातच. पितळ यंदा स्टीलच्या बरोबरीनं गेलं. भांड्यांवर नाव टाकणाऱ्याचं यंत्र दुपारी तापून बंद पडलं, तर त्यानं छिन्नी काढली. टक टक टक. एका गुंडावर सासूचं नाव होतं, त्याखाली सुनेनं स्वतःचं टाकून घेतलं, मुलीसाठी जागा सोडायला सांगितली. तो म्हणाला, जागा सोडायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.
मिस्त्रीचं काम संपलं. अर्धे पैसे दादानं पाठवले. विचारलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर
मेयो दवाखान्यातल्या एक सिस्टर घर पाहून गेल्या. नवरा, सहा वर्षांची मुलगी, सासू. रात्रपाळी असते म्हणून दवाखान्याजवळ हवं. सासूबाई जिना चढून आल्या, सज्जात उभ्या राहिल्या, खाली बोलणाऱ्या माणसांकडे पाहत राहिल्या. विचारलं, "रात्री इथं आवाज असते का हो?" म्हणालो, साडेनऊनंतर नसतो. "मंग असू द्या थोडा."

१ नोव्हेंबर
भाडं ठरवलं. दलाल म्हणाला, गोडाऊनवाला याच्या दुप्पट देतो. माहीत आहे. अकरा महिन्यांचा करार. ॲम्ब्युलन्सची अडचण आधीच सांगितली. त्या म्हणाल्या, मेयो जवळच आहे, स्ट्रेचर मीच आणीन.

९ नोव्हेंबर
सामान आलं. हातगाडीवर, ओळीच्या तोंडापासून. चाचा, त्यांचा भाचा, नाव टाकणारा, सगळे लागले. कपाट जिन्यात अडकलं, दार काढून न्यावं लागलं. समोरच्या आजींनी वरूनच विचारपूस सुरू केली, गाव कोणतं, माहेर कोणतं.

१३ नोव्हेंबर
वरून तक्रार. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. मोटर छोटी पडते. उद्या नऊला प्लंबर.
शेजारच्या पितळवाल्यांनी दुपारी अडवलं. संडास-वायरिंगला सगळं मिळून किती लागलं, विचारत होते. मिस्त्रीचा नंबर दिला.